मीनाची माफी

आदिलाबाद,
११ जून २००७

चि. प्रियदर्शिनीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला दोन ओळींचं कार्ड पाठवणारी सत्याक्का आज पानंच्या पानं लिहायला बसली, याचं तुला नवल वाटेल. कारण सांगते. आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसातला ती कोरियन मालिका लागते, तेलुगूत बोलणारी. गेल्या गुरुवारी भाग संपल्यावर नावं वर सरकत होती, त्यात ‘संवाद : प्रियदर्शिनी’ असं वाचलं. तूच ना ती? नल्लकुंट्याच्या घरात जिला मी बाराखडी गिरवायला बसवायचे आणि जी पाटी टाकून पळायची, तीच?

फोन करून विचारता आलं असतं. पण मोबाईल हेमंतच्या खिशात असतो आणि घरचा फोन सासूबाईंच्या पलंगाशेजारी. तिथे बोललेलं घरभर होतं. त्यापेक्षा पत्र बरं. तुझं उत्तर दुपारच्या टपालाने येईल, तेव्हा हेमंत त्याच्या खताच्या दुकानात असतो.

त्या मालिकेतली तुझी मीना घरात सगळ्यांना आवडते. सासूबाई कुणाचं म्हणून कौतुक करत नाहीत, पण ती दिसली की जपमाळ बाजूला ठेवतात. बंदरावर क्रेन चालवणारी बाई. परवा मुकादम तिला म्हणाला, बाईमाणसाने एवढं उंच चढू नये. ती म्हणाली, ‘खाली उभं राहणाऱ्याला सगळंच उंच दिसतं.’ मी पोळी लाटता लाटता थांबले. हेमंत म्हणाला, असल्या बायका टीव्हीतच असतात. केतकी मात्र म्हणाली, ‘बाबा, क्रेन तर खरी आहे.’ बारा वर्षांची आहे, पण जीभ बघ.

आता एक गोष्ट सांगते, ती काकूंना, तुझ्या आईलाही, सांगू नकोस. मी मागच्या वर्षी शिक्षक भरतीची परीक्षा दिली. मराठी माध्यमाच्या जागांसाठी. लग्नाआधीचं शिक्षक-प्रशिक्षणाचं, टीटीसीचं सर्टिफिकेट तेरा वर्षं ट्रंकेत पडलं होतं, ते काढलं. घरात फक्त हेमंतला ठाऊक आहे. ‘दे हौस म्हणून’ म्हणाला. पास झाले, प्रियदर्शिनी. यादीत नाव लागलं. नेमणुकीचं पत्र मे महिन्यात येणार होतं, अजून आलेलं नाही. रोज दारात टपालवाल्याची सायकल वाजली की हात पुसत बाहेर जाते. सासूबाई विचारतात, कुणाची वाट बघतेस. मी सांगते, काकूंच्या पत्राची.

तुझी,
सत्याक्का

*

नल्लकुंटा, हैदराबाद,
१८ जून २००७

ती. सत्याक्का हिस,
सा. न.

ती मीच. आडनाव त्यांनी कापलं. दोन शब्द एका ओळीत बसत नाहीत म्हणे.

तू पास झालीस हे वाचून मी पत्र घेऊन घरात दोन फेऱ्या मारल्या. आईने विचारलं काय झालं, तर आनंदाची बातमी आहे पण सांगायची नाही, एवढंच म्हणाले. ती तेव्हापासून माझ्या लग्नाचं जुळलं असं समजून बसली आहे.

माझं काम कसं चालतं ते सांगते. आबिड्सला पोस्टामागच्या गल्लीत, कापडाच्या गोदामावर तिसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. कोरियनमधून इंग्रजीत आलेला कागद मला मिळतो. मी एकेक दृश्य दहा-दहा वेळा बघते, तिचं तोंड किती वेळ उघडं राहतं ते मोजते आणि तेवढ्यात मावेल असं तेलुगू लिहिते. तिचे ओठ मिटतील तिथे प, ब, म असलेला शब्द शोधते. मग श्रुती नावाची मुलगी ते बोलते. तुम्ही ऐकता तो आवाज तिचा.

बाहेरून छान वाटतं. आतून माझं डोकं रोज तापतं. तुला माहीत आहे का, तिचं नाव मीना नाही? मिन-हा आहे. चॅनलने बदललं. तिचं वय मुळात तेहतीस आहे, आपण तेलुगूत चोवीस सांगतो. तेहतीस वर्षांची बिनलग्नाची बाई बघून लोक चॅनल बदलतील म्हणे. मी एकतीस वर्षांची बिनलग्नाची बाई समोर बसून हे ऐकून घेते. हणमंतराव म्हणून आमचे मालक आहेत, चॅनलशी तेच बोलतात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, ‘मनवाळ्ळु ऒप्पुकोरु.’ आपले लोक मान्य करणार नाहीत. कोण हे आपले लोक? मी दोन वर्षं विचारते आहे. एकाचंही नाव त्यांनी सांगितलेलं नाही.

नाव गेलं, वय गेलं. पण तिची जीभ माझ्या हातात आहे. मी आहे तोवर तिच्या तोंडी लाचार वाक्य जाणार नाही, हे तुला लिहून देते.

आणि तू सायकलची वाट बघत बसू नकोस. सरळ शिक्षण कार्यालयात जा आणि विचार. मेमधलं पत्र जूनच्या मध्यापर्यंत येत नाही म्हणजे काय?

तुझी,
प्रियदर्शिनी

*

आदिलाबाद,
१० जुलै २००७

चि. प्रियदर्शिनीस,
आशीर्वाद.

तुझं ऐकलं, गेले. भाजी आणायला जाते सांगून गेले.

पत्र २८ मेलाच रजिस्टर करून पाठवलेलं होतं. रुजू व्हायची शेवटची तारीख १५ जून. ती उलटून गेली. कारकुनाने फायलीतून पोचपावती काढून दाखवली. आमच्या घरी पत्र मिळाल्याची, तारीख १ जून. त्या दिवशी मी निर्मलला वन्संकडे बारशाला गेले होते. सही कुणाची ते नीट वाचता आलं नाही.

रविवारी निर्मलहून वन्सं, त्यांचे यजमान आणि सासू-सासरे जेवायला आले. पानं मांडली, सगळे बसले. मी वरणाचं भांडं घेऊन उभी होते. कसं झालं सांगता येत नाही. मी म्हणाले, ‘माझं नोकरीचं पत्र या घरात आलं होतं. ते कुणी घेतलं ते सांगा, मग वाढते.’

भात निवत होता. शेवटी सासूबाई म्हणाल्या, ‘कसलं पत्र? पाव्हण्यायसमोर काय लावलं हे?’ मी तेच वाक्य परत म्हणाले. आवाज चढला होता, ते खरं आहे. वन्संचे सासरे पानावरून उठले.

तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. हेमंतचं म्हणणं, मी सगळ्यांची अब्रू घालवली. वन्संच्या सासरच्यांना परत बोलवायचं आणि त्यांच्यासमोर मी माफी मागायची. केतकीला वन्सं त्याच दिवशी बरोबर घेऊन गेल्या. माफी मागेन तेव्हा ती परत येईल. तिची शाळा बुडते आहे. मी पत्राचं विचारलं त्याचं उत्तर कुणाकडे नाही, पण माझ्या आवाजाचा हिशोब सगळ्यांना हवा आहे.

मी माफी मागणार नाही. मी काहीही चुकीचं विचारलेलं नाही.

टीव्ही मात्र सगळे एकत्र बघतो, न बोलता. तुझ्या मीनाचंही तसंच चाललंय. कंटेनर पडला तो मालकांनी दोर बदलला नाही म्हणून, आणि आळ तिच्यावर. पुढच्या भागांची झलक दाखवतात, त्यात मालकीणबाई तिला घरी बोलावून म्हणतात, सगळ्यांसमोर माफी माग, मग माझ्या मुलाशी तुझं लग्न लावून देते. २३ तारखेच्या सोमवारी आहे तो भाग. सासूबाई म्हणाल्या, बघू काय करते. हेमंतकडे बघत म्हणाल्या, पण मला ऐकवलं.

मीही बघते आहे. खरं सांगू, तिने तिथून ताठ मानेने उठून जावं, याची मी इतकी वाट कधी कशाची पाहिली नाही.

तुझी,
सत्याक्का

*

नल्लकुंटा,
१६ जुलै २००७

ती. सत्याक्का हिस,
सा. न.

तुझं पत्र वाचून मला तुझ्या सासूबाईंचा, चतुराबाईंचा, इतका संताप आला आहे की काय लिहावं. सही त्यांचीच असणार. दिवसभर घरात दुसरं कोण असतं? जपमाळ ओढायची आणि सुनेचं पत्र दडवायचं. आणि लहान पोरीला ओलीस ठेवायचं. हेमंतभावजी निदान मध्ये पडतील असं वाटलं होतं, पण आईपुढे त्यांची जीभ उचलत नसेल.

माफी मागू नकोस. वाटल्यास मी येते.

मालिकेचं एवढं मनावर घेऊ नकोस, अक्का. ते शेवटी आमचं पोटापाण्याचं काम आहे. तिथे काय होतं त्यावर आपलं काही ठरवू नये. सोमवारी बघितली नाहीस तरी चालेल. सध्या कामाची गडबड आहे, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
प्रियदर्शिनी

*

आदिलाबाद,
२६ जुलै २००७

चि. प्रियदर्शिनीस,
आशीर्वाद.

केतकी घरी आली. काल शाळेतही गेली. मी माफी मागितली.

सोमवारी सगळे बसलो होतो. वन्सं आणि त्यांची माणसंही होती, हेमंतने मुद्दाम बोलावली होती. मालकीणबाई सोफ्यावर, मीना समोर उभी. मग तिने मान खाली घातली आणि बोलली. ‘अम्मा, चूक माझीच. मी लहान आहे, तुम्ही मोठ्या. मला पदरात घ्या.’ आणि कमरेतून लवली.

सासूबाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, बघ, शेवटी तीही वाकली, असं होतं. आणि मला वाटलं, जी एवढ्या उंच चढून एकटी बसते, तिला वाकावं लागलं, तर मी कोण? पंधरा दिवस मी ज्या बळावर उभी होते ते पायाखालून निघून गेलं. मी उठले आणि तिचेच शब्द बोलले. दुसरे सुचले नाहीत. चूक माझीच, तुम्ही मोठ्या. वन्संच्या सासऱ्यांच्या पाया पडले. हेमंत म्हणाला, ‘झालं ना, एवढंच तर होतं.’

तुझी वाक्यं छान होती. ऐकणाऱ्याच्या तोंडी बसतील अशी होती.

आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून लिहिते. सासूबाईंवर तू उगाच चिडलीस. त्यांना त्या पत्रातलं काही ठाऊक नाही. पोचपावतीवरची सही हेमंतची आहे. मला कार्यालयातच वाचता आली होती. तेरा वर्षं ती सही बघते, मला ओळखू येणार नाही का? तुला लिहायची लाज वाटली. मी त्याला एकटीने विचारलं, तेव्हा म्हणाला, ‘रोज बसने खेड्यात जाशील, लोक म्हणतील हेमंतचं दुकान चालत नाही.’ त्या दिवशी जेवायला आला असताना पत्र त्याने दारातच घेतलं, आणि मग जाळलं.

आता मी कुणावर रागावलेली नाही. थकले आहे.

सत्याक्का

*

नल्लकुंटा,
३१ जुलै २००७

ती. सत्याक्का,

तुला जे लिहिते आहे ते वाचून तू माझं तोंड बघणार नाहीस. तरी लिहिते.

मीनाने माफी मागितलेलीच नाही.

ती माफी मी लिहिली. मूळच्या कागदावर ती नाही, त्या दृश्यात नाही, पूर्ण मालिकेत कुठेही नाही. मूळ दृश्यात ती मालकीणबाईंना म्हणते, ‘मी चुकले असते तर तुम्ही बोलवायच्या आधी आले असते. मी चुकले नाही. माझी माफी हा हुंडा नाही, की तो दिला म्हणजे मला घरात घ्याल.’ आणि मग लवते. अक्का, त्यांच्याकडे निरोप घेताना तसं लवतात. ती निरोप घेते आहे. निघून जाते आहे. त्या लवण्याखाली मी माफी घातली.

हणमंतरावांनी ७ जुलैला सांगितलं, चॅनलला हे चालणार नाही, होणाऱ्या सासूला कुणी असं बोलतं का, मनवाळ्ळु ऒप्पुकोरु. मी दोन दिवस भांडले. ते म्हणाले, तुम्ही लिहिणार नसाल तर दुसरा बसला आहे, आणि पुढची मालिकाही त्यालाच देतो. मग मी लिहिलं. एका दुपारात लिहिलं. अर्ध्या दृश्यात तिची पाठ आपल्याकडे आहे, तोंड दिसत नाही, त्यामुळे काहीही घालता येतं. आणि लिहायला बसल्यावर मी ते चांगलं लिहिलं, हे सगळ्यांत वाईट. शब्द बदलून बदलून बघितले. श्रुतीने विचारलं, ‘अक्का, इथे रडू का?’ मी म्हणाले, आवाज फक्त ओला कर.

तुझं १० तारखेचं पत्र आलं तेव्हा ध्वनिमुद्रण होऊन गेलं होतं. तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. मी ‘मनावर घेऊ नकोस’ असं लिहून मोकळी झाले.

हेमंतभावजींनी तुझं पत्र सही करून घेतलं आणि जाळलं. मी मिन-हाचं वाक्य घेतलं आणि जाळलं. त्यांच्यावर चिडायला लागले की मध्ये मीच येते. चतुराबाईंना मी नको ते बोलले, तेही चुकलंच.

मूळचं वाक्य वेगळ्या कागदावर मराठीत लिहून आत ठेवलं आहे.

प्रियदर्शिनी

*

आदिलाबाद,
७ ऑगस्ट २००७

प्रियदर्शिनी,

पत्र वाचलं. तीन वेळा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळा विश्वास बसला नाही.

हेमंतचं मला एक वेळ समजतं. तो भित्रा आहे, चार लोकांत लहान दिसायला घाबरतो. तुझं काय समजायचं? तुला कुणाची भीती होती? तुझा नवरा नाही, सासू नाही, पोर कुणी उचलून नेणार नव्हतं. जास्तीत जास्त एक काम गेलं असतं. तेवढ्यासाठी तू तिला वाकवलंस. आणि माझं पत्र हातात असताना तू मला ‘बघितली नाहीस तरी चालेल’ असं लिहितेस. तुला ठाऊक होतं मी बघणार. मी कशासाठी बघते आहे तेही ठाऊक होतं. एक ओळ पुरली असती. ‘अक्का, ते खोटं आहे.’ एवढ्या चार शब्दांचीही किंमत नव्हती का माझी?

मी ज्या शब्दांनी लोकांच्या पाया पडले ते शब्द तू आबिड्सला बसून घडवलेस. वन्संच्या सासऱ्यांच्या पायांना लागलेले माझे हात मी अजून धुते आहे. आणि तू मला कळवतेस की तू ते चांगले लिहिलेस.

तू लिहून दिलं होतंस, मी आहे तोवर तिच्या तोंडी लाचार वाक्य जाणार नाही. ते पत्र माझ्याजवळ आहे.

तू म्हणतेस, भावजींवर चिडायला लागले की मध्ये मीच येते. ते तुझं तू बघ. माझ्याकडे दोघांना पुरेल एवढा राग आहे. मागच्या पत्रात लिहिलं होतं, मी कुणावर रागावलेली नाही. ते आता खरं राहिलं नाही.

येऊ नकोस. पत्रही लिहू नकोस.

सत्यवती

*

नल्लकुंटा,
१६ ऑगस्ट २००७

ती. सत्याक्का,

लिहू नकोस म्हणालीस, तरी एक गोष्ट कळवायला हवी. मग थांबते.

मी सोमवारी हणमंतरावांना सांगितलं, शेवटचे सहा भाग मी मूळ आहेत तसे लिहीन, नाहीतर लिहिणार नाही. ते हसले. म्हणाले, ‘अम्मा, एवढी वर्षं केलंत, आताच काय झालं?’ मी म्हणाले, ‘माझ्या बहिणीने खरं समजून माफी मागितली.’ त्यांना ते कळलं नाही. मला वाटतं त्यांनी समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. कागद माझ्या हातातून घेऊन शेजारच्या टेबलावर ठेवले. तिथे खरंच दुसरा बसला होता.

आधीच्या भागांवरूनही माझं नाव काढा, असं लिहून देऊन जिना उतरले. यात मोठेपणा काही नाही. हे जुलैत करायचं होतं. ऑगस्टमध्ये केल्याने तुझं काही परत येत नाही, हे मला कळतं. आईला नोकरी सोडल्याचं सांगितलं, तेव्हा तिने कारण विचारलं. सगळं सांगितलं.

तुला एकच विचारायचं होतं. ती जागा कुणी भरली का? कार्यालयात पुन्हा विचारलंस का?

प्रियदर्शिनी

*

आदिलाबाद,
१७ सप्टेंबर २००७

प्रियदर्शिनीस,

तू विचारलंस त्याचं उत्तर आज देता येतं, म्हणून लिहिते.

तुझं ३१ जुलैचं पत्र मी फाडणार होते. डब्यांच्या मागे ठेवलं आणि राहून गेलं. केतकीला ते मिळालं. ती तेलुगू माध्यमात, मराठी अजून अडखळत वाचते, म्हणून मोठ्याने वाचते. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ती माजघरात बसून एकेक अक्षर लावत होती आणि सासूबाई पलंगावर ऐकत होत्या. मी खाली आले तेव्हा पोर ‘सही करून घेतलं आणि जा-ळ-लं’ इथवर पोचली होती.

सासूबाई केतकीला म्हणाल्या, ‘पुन्यांदा वाच.’

हेमंत दुपारी जेवायला आला. पानावर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘त्या कागदावर सही तुही हाये का?’ तो म्हणाला, ‘आई, मी सगळ्यांच्या भल्यासाठी…’ त्या म्हणाल्या, ‘हाये का नाही, तेवढं सांग.’ तो म्हणाला, आहे. ‘मंग आमच्यादेखत हिला काहून वाकवली? मी काय त्या चोरीची राखणदार होते?’ त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तू त्यांना फार चांगलं समजू नकोस. सुनेने नोकरी करू नये, असं त्या आजही म्हणतात. पण त्यांना न सांगता त्यांच्या नावावर अन्याय झाला, हे त्यांनी त्याला माफ केलेलं नाही.

राखीला वन्सं सगळ्यांना घेऊन आल्या. मी ओवाळणीचं ताट आत ठेवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘गेल्या महिन्यात मी तुमच्यासमोर माफी मागितली. ती परत घेते. मी चुकले नव्हते. पत्र हेमंतने घेतलं होतं.’ या वेळी आवाज चढला नाही. चढवायची गरज पडली नाही. वन्संचे सासरे म्हणाले, माफी कधी परत घेतात का? मी म्हणाले, मी घेतली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले, सांगून गेले. जागा रिकामीच होती, मराठी माध्यमाच्या यादीत माझ्यामागे कुणी उमेदवारच नव्हता. अधिकारी म्हणाले, पत्र तुम्हाला मिळालं नाही हे ज्याने घेतलं त्याने लेखी द्यावं, मग वर पाठवतो. हेमंतला सांगितलं. तो रडला, प्रियदर्शिनी. हात जोडून म्हणाला, ‘सत्या, मी तुझी माफी मागतो, शंभर वेळा मागतो, पण लेखी नको. सरकारी फायलीत राहील ते.’ लग्नाला तेरा वर्षं झाली, तो माझ्यासमोर पहिल्यांदा रडला. महिन्यापूर्वी मी विरघळले असते.

मी म्हणाले, ‘मला माफी नको. जे झालं ते लिहून दे. नाहीतर मी लिहीन, आणि मी लिहिलेलं तुला आवडणार नाही.’

त्याला चार दिवस लागले. पाच ओळी लिहिल्या, खाली सही केली.

मी दहा तारखेला रुजू झाले. बेला गावाजवळचं खेडं आहे, बसने तास लागतो. दुसरीचा वर्ग, एकोणीस मुलं, त्यातली सात फक्त जेवणाच्या वेळी येतात. सकाळचा स्वयंपाक करून सहाला निघते. संध्याकाळचा कोण करतं ते अजून ठरलेलं नाही, रोज भांडण होतं. हेमंत माझ्याशी कामापुरतं बोलतो. मीही तेवढंच बोलते. पुढे काय होईल ते माहीत नाही.

मालिका संपली. शेवटच्या भागांत मीना मालकीणबाईंना गरम पाणी नेऊन देत होती. सासूबाईंनी दोन दिवस बघितली आणि बंद केली. म्हणाल्या, ‘ते बाई असं म्हनतच नसन.’ मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘पन आपल्याले काहून खोटं दाखवलं? खरं दाखवलं असतं तं आपल्याले झेपलं नसतं का?’

दोन वर्षं तू शोधत होतीस ते आपले लोक, त्यांतली एक या पलंगावर बसली आहे आणि तुझ्या हणमंतरावांवर चिडली आहे. त्यांना पहिल्यापासून सगळं ऐकायचं आहे, मीना कुठे काय बोलली आणि तुम्ही काय बोलायला लावलंत. मी सांगू शकत नाही. तू सांग, त्यांच्यासमोर बसून. त्या तुलाही सोडणार नाहीत.

माझा राग गेला असं समजून येऊ नकोस. तो आहे. तरी ये. रविवारी ये, बाकीचे दिवस मला शाळा असते.

सत्याक्का